एसीपी लावून घेताय? आधी शीट काट्यावर ठेवा

एसीपी म्हणजे अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, दोन पत्र्यांमध्ये कोअर भरलेली शीट. इमारतीच्या भिंतीवर तिचं आवरण चढवतात, त्या क्लॅडिंगमध्ये गिऱ्हाईक फसतं ते बहुतेक वेळा एकाच आकड्यावर: '४ एमएम'. ही अख्ख्या शीटची जाडी झाली. दोन्ही बाजूंचा अॅल्युमिनियमचा पत्रा, म्हणजे स्किन, किती जाड; मधलं कोअर कशाचं; रंग पीव्हीडीएफ (ऊन-पावसात जास्त टिकणारा) की साधा पॉलिएस्टर, याबद्दल कोटेशनमध्ये अवाक्षर नसतं.

एका व्यापारी इमारतीचं दर्शनी काम असंच झालं. तोंडी ठरलं ०.५ मिमी स्किन, पीव्हीडीएफ कोटिंग आणि एफआर, म्हणजे आगरोधक, कोअर. सॅम्पलही तसंच दाखवलं. कागदावर मात्र 'एसीपी ४ एमएम, एक्स्टिरियर'. भिंतीवर चढली ती ०.२५ स्किनची, साध्या प्लास्टिक कोअरची शीट. पश्चिमेच्या उन्हात रंग विटला, शीटला फुगे आले, कडेचा पत्रा सुटू लागला. तक्रार केल्यावर फॅब्रिकेटरने कोटेशनच पुढे केलं: ४ एमएम लिहिलं होतं, ४ एमएम लावलं.

हे माल उतरवतानाच पकडता येतं. ८ बाय ४ फुटांची ४ मिमी शीट, ०.५ स्किन आणि साधं पॉलिथिन कोअर असेल तर सुमारे १६ किलो भरते. स्किन ०.२५ असेल तर साडेतेराच्या आसपास. एफआर कोअरमध्ये खनिज पूड असते, म्हणून ०.५ स्किनची तशी शीट २० किलोंच्या वर जाते. पण नुसत्या वजनावर विसंबू नका. स्वस्त भुकटी भरूनही वजन वाढवता येतं. कोपऱ्याचा तुकडा कापा, पत्रा सोलून काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. उरलेला तुकडा मोकळ्या जागी पक्कडीत धरून ज्योतीवर धरा. साधं कोअर वितळून पेटते थेंब गाळतं. चांगलं एफआर कोअर काळवंडतं आणि ज्योत काढली की विझतं. ही फक्त साइटवरची चाळणी आहे, एफआरचा टेस्ट रिपोर्ट वेगळा मागायचाच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली, आणि आग इमारतभर पसरण्याचं मुख्य कारण हेच पॉलिथिन कोअरचं क्लॅडिंग होतं. इथे पैसे वाचवू नका, कुणाला वाचवूही देऊ नका.

दुसरी लबाडी शीटच्या मागच्या फ्रेममध्ये दडते. ठरलेल्या अॅल्युमिनियम सेक्शनऐवजी पातळ लोखंडी पाइप, तोही रेडऑक्साइड न मारता. अँकर फास्टनरऐवजी प्लग-स्क्रू. शीट बसली की काहीच दिसत नाही, म्हणून फ्रेम तपासून, फोटो काढूनच पुढचं काम सुरू करू द्या. कोपरा दुमडण्यासाठी मागून व्ही-ग्रूव्ह, म्हणजे 'V' आकाराची खाच, मारतात. त्यात पुढच्या पत्र्यालगत सुमारे ०.३ मिमी कोअर राहायला हवं. हातकटरने अंदाजपंचे मारलं की पाती पत्र्याला लागते आणि पुढे घडीवरच चीर जाते. सांध्यात भरलेल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास आला तर काम थांबवा. तो वास आम्लाचा; तिथे न्यूट्रल वेदर सीलंट लागतं.

बिलातल्या मापातून खिडक्यांच्या क्षेत्रफळाची वजावट झाली आहे का ते पाहा. शीटवरच्या संरक्षक फिल्मवर छापलेलं ब्रँडचं नाव हा पुरावा नव्हे. बॅच नंबर असलेलं कंपनीचं इन्व्हॉइस आणि वॉरंटी पत्र इमारतीच्या नावावर मागा. स्किन, कोअर, कोटिंग आणि फ्रेम या चार गोष्टी वर्क ऑर्डरमध्ये आकड्यांसह आल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका.