कव्हरेज रिपोर्ट: कात्रणं की आलेख?

महिनाअखेरीला पीआर (जनसंपर्क) एजन्सीतून क्लायंटकडे जाणारा कव्हरेज रिपोर्ट, म्हणजे त्याच्याविषयी छापून आलेल्या बातम्यांचा अहवाल, दोन तऱ्हांनी बांधतात. जुनी तऱ्हा म्हणजे पानाला एक कात्रण. वर वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक. बातमी पहिल्या पानावर होती की आत निविदांच्या शेजारी, मथळ्याचा सूर काय, हे थेट दिसतं. पण कात्रणं शंभरावर गेली की साहेब फार पुढे जात नाहीत.

दुसरी तऱ्हा आलेखांची. महिन्यांचा चढउतार रेषालेखात, वृत्तपत्रांची तुलना आडव्या स्तंभांत. उभ्या स्तंभांखाली लांब नावं तिरकी होऊन वाचता येत नाहीत. वर्तुळाकार पाय चार्ट चार-पाच तुकड्यांपुढे निरुपयोगीच. खरा धोका मोजणीत आहे: एकच बातमी कोल्हापूर, सांगली, सातारा आवृत्त्यांत आली आणि तीन धरली, की स्तंभ फुगलाच. कॉलम सेंटिमीटर (बातमीने व्यापलेली जागा) गुणिले जाहिरात दर, म्हणजे तेवढी जाहिरात केवढ्याला पडली असती, हा आकडाही तसाच फसवा. जनसंपर्काच्या मोजमापासाठीच्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी तो नाकारला, तरी क्लायंट मागतातच!

मी सुरुवातीला दोन आलेख आणि मागे निवडक कात्रणं ठेवीन. नकारात्मक बातमी मात्र पूर्ण, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी मोठी.