बंद गाळा आणि कलाकार: उसना घ्यावा, विकत घ्यावा की पालिकेकडून मिळवावा?

दिवाळी जवळ आली की मला एक फोन हमखास येतो. "पेठेत एक गाळा चार वर्षं बंद पडलाय, मालक ओळखीतला आहे. आम्ही पाच-सहा जण मिळून तिथं चित्रं, मातीची भांडी, ठशांच्या छपाईच्या ओढण्या मांडाव्यात म्हणतोय. करावं का?" करा, हे माझं उत्तर ठरलेलं. पण पाठोपाठ मी विचारते, गाळा कुठल्या बोलीवर घेताय? बहुतेकांनी मालकाला फक्त भाडं विचारलेलं असतं. खरी गोम भाड्यात नसते. पेठ पुन्हा चालायला लागली की त्या गाळ्याची किल्ली कुणाकडे असेल, यावर सगळा हिशोब बसतो.

हा प्रयोग बऱ्याच गावांनी करून पाहिला आहे. त्यातल्या तीन ठिकाणांची बोली एकमेकींपासून अगदी वेगळी होती, म्हणून तीच शेजारी-शेजारी ठेवते: ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल, अमेरिकेतलं पडूका आणि पॅरिसमधली रिव्होली रस्त्यावरची ५९ नंबरची इमारत.

उसना गाळा

न्यूकॅसल हे सिडनीच्या उत्तरेला, कोळशाच्या बंदरासाठी ओळखलं जाणारं शहर. १९८९ मध्ये तिथं भूकंप झाला, १९९९ मध्ये बीएचपी कंपनीचा पोलाद कारखाना बंद पडला, आणि गिऱ्हाईक उपनगरांतल्या मॉलकडे वळलं. मधला बाजार ओस पडला. त्याच गावात वाढलेल्या मार्कस वेस्टबरी यांनी २००८ च्या सुमारास मुख्य रस्त्यांवरच्या रिकाम्या इमारती मोजल्या, तर आकडा दीडशेच्या आसपास गेला. एवढ्या जागा रिकाम्या आणि तरी होतकरू माणसाला एकही परवडत नाही, हे कोडं त्यांना सुटेना. खोलात गेल्यावर कळलं, की मालकाला थोडक्या भाड्यासाठी लांब मुदतीच्या करारात अडकायचं नसतं. उद्या मोठी पार्टी आली तर जागा मोकळी हवी, म्हणून तो कुलूपच लावून ठेवतो.

आपल्याकडच्या कुठल्याही पेठेतला मालक हेच सांगेल. एकदा माणूस आत बसला की निघत नाही, ही पागडीच्या काळापासूनची धास्ती आहे.

वेस्टबरी यांनी 'रिन्यू न्यूकॅसल' नावाची ना-नफा संस्था काढली. संस्था मालकाकडून जागा वापरायची नुसती परवानगी घ्यायची, भाडेकरूचे हक्क मागायची नाही. परवानगी तीस-तीस दिवसांची, पुढे चालू राहणारी. मालकाला जागा हवी झाली की त्यानं तीस दिवस आधी सांगायचं, कलाकारानं निमूटपणे निघायचं. बाजारभावाचं भाडं नाही, संस्थेला दर आठवड्याला नाममात्र रक्कम. विम्याची काळजी संस्था घ्यायची. भिंती पाडायच्या नाहीत, कायमचं काही बसवायचं नाही. मालकाला काय मिळालं? झाडलेली, दिवा लागलेली, माणसांचा राबता असलेली जागा.

या पद्धतीत कलाकाराला मिळते ती चाचणी. तुमचे दागिने, तुमची चित्रं लोक पैसे मोजून घेतात की नुसतं "छान आहे" म्हणून पुढे जातात, हे कर्ज न काढता कळतं. माल चालला नाही तर महिन्याभरात आवरून घरी. चालला तर पुढे रीतसर भाड्यानं दुकान घ्यायची हिंमत येते. न्यूकॅसलला काहींनी ते केलंही. लोनली प्लॅनेटच्या मार्गदर्शकानं २०११ साठी जगातल्या बघण्याजोग्या दहा शहरांत न्यूकॅसलचं नाव घातलं. मग बांधकाम व्यावसायिक आले, जुन्या दुकानांच्या जागी फ्लॅट उभे राहू लागले, आणि २०१९ मध्ये संस्थेनं काम थांबवलं. संस्थेच्या दृष्टीनं ही कामगिरी फत्तेच होती, कारण रिकाम्या जागा भरणं हाच तिचा हेतू होता. पण त्यातल्या एखाद्या गाळ्यात सहा वर्षं घालवलेल्या कुंभाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. रस्ता त्यानं जागता केला, आणि जाग्या रस्त्याचं भाडं आता त्याला झेपत नाही.

विकत घेतलेलं घर

पडूका हे केंटकी राज्यातलं, ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावरचं पंचवीसेक हजार वस्तीचं गाव. तिथली लोअरटाउन ही जुनी वस्ती पडझडीला आली होती. तिथंच राहणारे चित्रकार मार्क बॅरोन यांनी २००० मध्ये नगर प्रशासनाला गळ घातली, की कलाकारांना इथं वस्तीला बोलवा. प्रशासनानं मोडकळीला आलेली घरं ताब्यात घेतली आणि काही अक्षरशः एका डॉलरला दिली. अट एवढीच, की घर दुरुस्त करायचं आणि तिथं राहायचं. पडूका बँकेनं खरेदी आणि दुरुस्ती दोन्हींसाठी पूर्ण कर्ज दिलं. पडक्या घरावर दुसरी कुठली बँक इतकं कर्ज देत नाही, म्हणून सगळ्या योजनेचा कणा मी यालाच मानते. शिवाय एकाच घरात राहणं, काम करणं आणि खाली दालन उघडून विकणं याला वस्तीच्या नियमांत परवानगी दिली. सत्तरच्या वर कलाकार बाहेरगावांहून येऊन स्थायिक झाले.

गावात गोधडीकलेचं राष्ट्रीय संग्रहालय १९९१ पासून होतंच, आणि गोधड्यांच्या वार्षिक मेळ्याला हजारो माणसं यायची. २०१३ मध्ये युनेस्कोनं पडूकाला हस्तकला आणि लोककलेसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. योजना त्यामुळे उघड्या माळावर उभी नव्हती, येणारं गिऱ्हाईक आधीपासून होतं. आपल्याकडे कुणी हा कित्ता गिरवणार असेल तर आधी ते गिऱ्हाईक शोधावं. पैठणीसाठी येवल्याला माणूस वाट वाकडी करून जातो. कशासाठीच माणूस येत नाही अशा गावात घर घेऊन चित्रं विकणं फार अवघड.

इथली जोखीम वेगळी आहे. २००८ च्या मंदीत चित्रांची खरेदी आटली, काहींनी घरं विकून गाव सोडलं. उसन्या गाळ्यातून महिन्यात निघता येतं, तीस वर्षांच्या कर्जातून नाही. पण जे टिकले त्यांना कुणी उठवू शकत नाही. वस्तीची किंमत वाढली ती त्यांच्याच घराची वाढली.

पालिकेची इमारत

पॅरिसची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आपल्याला जशीच्या तशी उचलता येणार नाही. रिव्होली रस्त्यावरची, क्रेदी लिओने बँकेची सहा मजली इमारत कित्येक वर्षं रिकामी होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये काही कलाकार तिच्यात घुसले, साफसफाई केली, कामाला बसले आणि दारं लोकांसाठी उघडली. बेदखल करण्याचा हुकूम झाला, पण येणाऱ्यांची रीघ एवढी, की २००१ मध्ये महापौर झालेल्या बर्त्राँ दलानोए यांच्या काळात पालिकेनं इमारत विकत घेतली. दुरुस्ती होऊन सप्टेंबर २००९ मध्ये ती पुन्हा उघडली. आज तिथं तीसेक कलाकार काम करतात, काही कायमचे, काही थोड्या महिन्यांसाठी. प्रवेश फुकट. जिना चढत जा, कलाकार समोर रंगवतोय, आवडलं तर त्याच्याशीच बोलून घ्या.

घुसखोरीचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. घेण्यासारखा आहे तो शेवट: सार्वजनिक मालकी आणि आळीपाळीनं येणारे कलाकार. आपल्या नगरपालिकांकडे न उठलेले गाळे आणि पडून असलेल्या जुन्या शाळा आहेत. मात्र त्यासाठी प्रस्ताव, ठराव, पाठपुरावा आलाच. दोन वर्षं चपला झिजवायची तयारी असलेलं माणूस तुमच्यात असेल तरच या वाटेला जा.

या तिन्हींत सणासुदीचे कला-महोत्सव मी मुद्दाम धरलेले नाहीत. २०१७ मध्ये ससून डॉकच्या गोदामांत भरलेलं प्रदर्शन किंवा पणजीच्या जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारतीतला डिसेंबरचा सेरेंडिपिटी महोत्सव, दोन्ही डोळे भरून पाहण्यासारखे. पण त्यांचा हेतू दाखवण्याचा असतो. तुम्हाला दर शनिवारी उघडणारं शटर हवं असेल तर त्यांची तुलना इथं लागू होत नाही.

आम्ही काय केलं

कोल्हापुरात आम्ही सहा जणींनी शुक्रवार पेठेतला बंद पडलेल्या कापडदुकानाचा गाळा महिन्यासाठी घेतला. शटर वर जाईना, दोन्ही पट्ट्यांना तेल सोडून दोघींनी खांदा लावला तेव्हा हललं. आत खोकी, कापडाचे गज, भिंतीवर जुनं कालनिर्णय. मीटर कापलेलं होतं, थकबाकी भरल्यावर दिवे लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत भवानी नाही. मग समोरच्या वाड्यातल्या आजी आल्या, दीडशे रुपयांचं विरजणाचं बुडकुलं घेतलं आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं इथनं अंधारात जातोय बाई, आज उजेड दिसला." जेवढे दिवस गाळा चालला तेवढ्यात जे विकलं गेलं त्यात मोठ्या चित्रांपेक्षा हाताळता येणाऱ्या वस्तू कितीतरी जास्त होत्या. हे आम्हाला घरी बसून कधीच कळलं नसतं.

आणि बाराव्या दिवशी मालकांचे धाकटे भाऊ परगावाहून येऊन दारात उभे राहिले. गाळ्यात त्यांचाही हिस्सा, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे कागद नव्हता, तोंडी बोली. दुसऱ्या दिवशी सामान टेम्पोत भरलं.

म्हणून माझा कौल असा. पहिल्यांदाच विकायला निघाला असाल, जवळ साठवण नसेल, तर न्यूकॅसलचीच वाट धरा. त्या तीस दिवसांच्या परवानगीचं आपलं भावंड म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा करार. त्यानं भाडेकरूचा हक्क तयार होत नाही, हे मालकाला समजावून सांगा, त्याची निम्मी भीती तिथंच जाते. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. महिन्याचा असला तरी तो करा. खर्च तुम्ही उचला म्हणजे मालक कुरकुरणार नाही. त्यात एक ओळ मी हट्टानं घालायला सांगेन: जागा भाड्यानं द्यायची ठरली तर आधी आम्हाला विचारावं. न्यूकॅसलच्या पद्धतीत मला जाणवलेली उणीव हीच.

दोन-तीन दिवाळ्या असा गाळा चालवून ठराविक गिऱ्हाईक हाताशी आलं असेल आणि वर राहून खाली दुकान थाटायची घरच्यांची तयारी असेल, तर पडूकासारखं विकत घ्यायचं बघा. भाव पेठ पडलेली असतानाच परवडतो. न्यूयॉर्कच्या सोहो भागात १९६० च्या दशकात कलाकार रिकाम्या कारखान्यांच्या माळ्यांवर राहायला गेले, १९७१ मध्ये त्यांना तिथं राहायची रीतसर परवानगी मिळाली, पुढे तो भाग इतका महागला की नव्या कलाकाराला तिथं पाय ठेवता येईना. ज्यांनी वेळेवर माळा आपल्या नावावर केला ते राहिले.

मालकाला भेटायला जाताना गाळ्याचं प्रॉपर्टी कार्ड मागा, त्यावर किती नावं आहेत ती मोजा आणि प्रत्येकाची सही घ्या. वीजबिलाची थकबाकी कोण भरणार ते करारात लिहा. शटर मालकासमोर एकदा उघडून बघा, आणि तेलाची बाटली सोबत ठेवा.