ट्रॉलीवर चार एसएमपीएस: डीसीचा झिरो अर्थ करावा की सुटा ठेवावा?

टेस्टिंगची ट्रॉली आज या लाइनवर, उद्या त्या. आत 24 व्होल्टचे दोन एसएमपीएस (एसीचं डीसी करणारे पॉवर सप्लाय), 12 आणि 5 चा एकेक. वायरिंग करताना एका ठिकाणी हात थांबतोच: डीसीचा झिरो (सप्लायचं मायनस टोक) बॉडीला बांधायचा की नाही?

एसी बाजूच्या अर्थिंगला मात्र पर्याय नाही. चारही एसएमपीएस, माउंटिंग प्लेट, दार, हँडल या प्रत्येकाची वेगळी हिरवी-पिवळी वायर एकाच तांब्याच्या पट्टीवर आणा. बिजागरी म्हणजे अर्थ नव्हे; दाराला स्वतःची लवचिक वायर हवी, लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खालचा रंग खरवडून. एकावरून दुसऱ्याला लूप मारलात, तर मधला एसएमपीएस बदलायला काढताच पुढचे सगळे बिनाअर्थचे. एसएमपीएसच्या आत फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे कपॅसिटर असतात. अर्थ तुटला की त्यांच्यामुळे बॉडीवर 115 व्होल्टच्या आसपास चढतात, टेस्टर पेटतो, हाताला झिणझिण्या येतात.

गळतीची बेरीजही होते. एकेकाची 3.5 मिलीअँपिअर धरली तर चौघांची 14. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) 15 च्या पुढे कधीही उडू शकतो, त्यामुळे पाचवा लावण्याआधी गळती मोजा. 10 च्या वर गेलात तर साधा थ्री-पिन सोडून इंडस्ट्रियल प्लग घ्या, केबलमधली अर्थ कोअर किमान 2.5 चौरस मिमी. प्लगच्या आत ती कोअर इतरांपेक्षा लांब ठेवा, म्हणजे केबल ओढली गेली तरी शेवटी तीच सुटेल.

आता झिरो. अर्थ केलेला असेल आणि लिमिट स्विचच्या केबलची साल निघून प्लस बॉडीला टेकला, तर लगेच शॉर्ट होतो, फ्यूज जातो, फॉल्ट सापडतो. काम थांबतं, एवढाच तोटा.

सुटा असेल तर पहिला फॉल्ट मुकाट राहतो, मशीन चालूच. काही ठिकाणी हे हवंच असतं. पण पहिला फॉल्ट स्विच आणि व्हॉल्व्हच्या कॉइलच्या मधल्या वायरवर असेल आणि महिन्याभराने दुसरा प्लसवर झाला, तर बॉडीतून वाट मिळते आणि स्विच उघडा असतानाही व्हॉल्व्ह ओढला जातो. इमर्जन्सी स्टॉपचा कॉन्टॅक्टही असाच बायपास होतो. इन्सुलेशन मॉनिटर (पहिला फॉल्ट होताच इशारा देणारं उपकरण) लावणार असाल तरच झिरो सुटा ठेवा. ज्या ट्रॉलीजवळ माणसाचा हात जातो, तिथे आमची पसंती अर्थ केलेल्या झिरोलाच.

मात्र एकाच जागी. चौघांचे झिरो एका बारवर आणि तिथून अर्थपट्टीला एकच लिंक, स्क्रूने काढता येईल अशी. डेस्कटॉप पीसी सीरियल केबलने जोडलात की त्याच्या बॉडीतून दुसरा जोड तयार होतो, लूपमध्ये करंट फिरतो आणि लोडसेलचं (वजन मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग नाचायला लागतं. तिथे सीरियल केबलमध्ये आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, विजेचा थेट जोड तोडतो) टाका. असा दुसरा जोड कुठे आहे का ते तपासायला प्लग काढा, लिंक काढा, झिरो ते बॉडी मल्टिमीटर लावा. मेगाओहम दिसले तर ठीक. दोन-चार ओहम आले तर सेन्सरच्या केबलच्या शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) एकेक करून सोडवत जा. बहुतेक वेळा एखादी शील्ड दोन्ही टोकांना बांधलेली निघते.