होपचं उपकरण शाळेसाठी घ्यावं का? वापरून सांगते

घ्यावं. दहावीच्या विज्ञानात ‘पाण्याचे असंगत आचरण’, म्हणजे गार होताना पाणी इतर पदार्थांसारखं न वागणं, हा भाग आहे, त्यात होपच्या उपकरणाची आकृती आहे, आणि बऱ्याच शाळांत हा प्रयोग त्या आकृतीतच संपतो. मुलं ती सुबक काढतात, दोन थर्मामीटरना नावं देतात, आलेख पाठ करतात. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही उपकरण मागवलं, ते दोन थर्मामीटर धरून दीड हजाराच्या आत बसलं. या पैशांत इतकं काही दाखवणारी दुसरी वस्तू आमच्या कपाटात नाही.

येतं काय, तर पितळेचं एक उभं नळकांडं. त्याच्या कमरेभोवती पत्र्याचं गोल पसरट भांडं झाळलेलं. वर एक आणि तळाशी एक अशी दोन भोकं, त्यांत रबरी बुचं आणि बुचांतून आडवे घातलेले थर्मामीटर. नळकांड्यात पाणी भरायचं आणि कमरेच्या भांड्यात बर्फ व मिठाचं गोठणमिश्रण. थंडी फक्त मध्यावर लागते, सगळी गंमत त्यातच आहे.

आमचे शिपाईमामा नाक्यावरच्या रसवंतीतून बर्फाच्या लादीचा तुकडा आणतात, तो गोणपाटात घालून फोडतात. बर्फ तीन भाग, खडेमीठ एक भाग. पहिली बरीच मिनिटं फक्त खालचा थर्मामीटर उतरतो. वरचा जवळजवळ हलत नाही. मध्यावर गार झालेलं पाणी जड होऊन तळाशी जातं, हे मुलांना लगेच पटतं. मग खालचा पारा ४ अंशांजवळ येऊन थांबतो. बर्फ भरपूर शिल्लक असतो, गारवा चालू असतो, तरी तो खाली जात नाही. आणि आतापर्यंत गप्प बसलेला वरचा थर्मामीटर भराभर उतरायला लागतो, खालच्याला मागे टाकून शून्याकडे जातो. दर मिनिटाला आकडे ओरडून सांगणारी मुलं इथे एकदम थांबतात. ‘मॅडम, गार पाणी वर का चाललंय?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. आकृतीवरून शिकवताना तो मला आजवर कुणी विचारला नव्हता.

उत्तर असं, की ४ अंशांच्या खाली पाणी गार होताना आकसायचं सोडून फुगायला लागतं, म्हणून हलकं होतं आणि वर येतं. एडिंबरा विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस चार्ल्स होप यांनी हे १८०५ साली मांडलं. तोवर वाद होता की पाणी खरंच फुगतं, की ज्या भांड्यात मोजतो ते भांडंच आकसतं? होप यांनी आकारमान मोजलंच नाही. पाणी वर जातं की खाली, एवढंच दोन थर्मामीटरना विचारलं. या साधेपणापुढे मला दर वेळी मान झुकवावीशी वाटते.

आता तक्रार. सोबत आलेल्या माहितीपत्रकात लिहिलंय, ‘४ अंशांना पाण्याची घनता सर्वाधिक असते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो.’ हे चूक आहे, आणि उत्तरपत्रिकांतही हेच वाक्य येतं. ० अंशाच्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९९९८ ग्रॅम, ४ अंशांच्या पाण्याची जवळपास १. फरक दशांशात चौथ्या स्थळावर. बर्फाची घनता मात्र ०.९१७. पाणी गोठताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं, आणि बर्फ तरंगतो तो या उडीमुळे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांना धरून ठरलेल्या अंतरावर उभा असतो, त्यातून षट्कोनी पोकळ्या राहतात. बर्फ वितळला की काही बंध तुटतात, रेणू त्या पोकळ्यांत शिरतात आणि पाणी दाट होतं. हे दाटणं ४ अंशांपर्यंत वरचढ राहतं, पुढे रेणूंची धडपड वाढून नेहमीसारखं प्रसरण होतं. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, पण एकीमुळे दुसरी घडत नाही. उपकरण ४ अंशांची गोष्ट दाखवतं. बर्फ का तरंगतो हे दाखवायला ग्लासभर पाणी आणि बर्फाचा खडा वेगळा ठेवावाच लागतो. खड्याचा साधारण बारावा हिस्सा पाण्याबाहेर राहतो, तो मुलांना मोजायला लावा.

त्याच्याशेजारी मी खोबरेल तेल ठेवते. थंडीत थिजलेल्या तेलाचा गोळा पातळ खोबरेलात टाकला की सरळ तळाशी जातो. बहुतेक पदार्थ असेच वागतात. पाण्याला ‘असंगत’ का म्हणतात, हे त्या बुडालेल्या गोळ्याने जितकं कळतं तितकं माझ्या बोलण्याने कळत नाही.

आमच्या मुलांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, पेपरात फोटो येतात, मग तलाव का गोठत नाही? दवाचा थर पातळ, निरभ्र रात्री तो झटकन उष्णता गमावतो. तलावात मात्र वरचं पाणी गार झालं की तळाशी जातं आणि खालचं कोमट पाणी वर येतं. सगळा साठा ४ अंशांपर्यंत आल्याशिवाय पृष्ठभाग शून्याला पोचत नाही, आणि आपल्याकडची थंडी त्याला पुरत नाही. श्रीनगरच्या दल सरोवरावर कडक हिवाळ्यात बर्फाचा थर धरतो, तो वरच राहतो, खालच्या पाण्याची उष्णता अडवून धरतो, आणि खाली मासे जिवंत असतात. उपकरणातल्या दोन थर्मामीटरकडे बोट दाखवून हे सांगता येतं, म्हणून मला ते प्रिय आहे.

वस्तू म्हणून दोष आहेत. सोबतचे थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचे. त्यांच्या ० ते १० च्या खुणा टोकाच्या पाऱ्याच्या फुग्याला इतक्या लागून असतात की नेमक्या बुचात लपतात. वाचायला थर्मामीटर बाहेर ओढावा तर पाणी गळतं. आम्ही शेवटी लांब दांड्याचे, उणे १० ते ५० अंशांचे, अर्ध्या अंशाच्या खुणांचे वेगळे घेतले. खालचं बूच सैल होतं, टेफ्लॉन टेप गुंडाळून भागलं. नळकांड्याभोवती नमदा, म्हणजे उष्णता अडवणारं जाड लोकरी आवरण, नव्हता. तो नसला तर खोलीची उष्णता आत शिरते आणि खालचा आकडा ४ वर न टिकता वर सरकतो. जुन्या गोधडीचा तुकडा बांधला तरी चालतो. झाळलेल्या जागी मीठ राहिलं की पत्रा महिन्याभरात गंजतो, त्यामुळे प्रयोग झाल्याबरोबर साध्या पाण्याने धुऊन, पुसून, उन्हात ठेवावा लागतो.

प्रयोग डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या जोडतासिकेला करा आणि फ्रिजमधलं १० ते १२ अंशांचं पाणी भरा. नळाचं पाणी घेतलंत तर खालचा पारा ४ वर यायच्या आत घंटा होते. मागवताना थर्मामीटर वगळून दर विचारा, भांडं स्टीलचं मिळत असेल तर तेच घ्या, आणि माहितीपत्रकातलं ते वाक्य मुलांसमोर खोडून त्याशेजारी ०.९१७ लिहा.