पंचवीस कंदांचा ‘स्प्रिंग बल्ब’ खोका: घ्यावा का?

ऑक्टोबर लागला की ऑनलाइन नर्सऱ्यांवर ‘स्प्रिंग बल्ब कलेक्शन’ नावाचे खोके दिसायला लागतात. झाकणावर ट्यूलिपचा ताटवा, आत पंचवीस कंद, किंमत डिलिव्हरीसकट बाराशेच्या घरात. इथे तपासलेल्या खोक्यात 5 ट्यूलिप, 2 हायसिंथ, 3 डॅफोडिल, 8 फ्रीशिया, 6 रॅननक्युलस आणि 1 अमॅरिलिस असा माल होता. निकाल आधीच सांगून टाकतो: पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात शेवटच्या तीन जातींचे पैसे वसूल होतात, पहिल्या तिन्हींचे नाहीत. झाकणावर फोटो मात्र नेमका पहिल्यांचा.

आधी माल कसा आला ते. कंद कागदी पिशव्यांत होते, हे चांगलं. झिपच्या प्लास्टिक पिशवीत आले तर आतल्या आत घामेजतात आणि बुडाशी सडायला लागतात. हायसिंथवर निळसर बुरशीची पूड होती. ती वरवरची असते, कोरड्या फडक्याने पुसली की झालं. चिंता करायची ती कंद बुडाशी दाबल्यावर अंगठा आत गेला तर. तसा एक ट्यूलिप निघाला, फोटो पाठवल्यावर बदलून मिळाला. आकार मात्र दोरा गुंडाळून मोजून घ्या. ट्यूलिपचा घेर 12 सेंटीमीटर, अमॅरिलिसचा 24 ते 26 हवा. त्याहून लहान कंद पानं देतो, फुलाची खात्री देत नाही. रॅननक्युलसच्या पिशवीवर नावच नव्हतं. नवख्या माणसाने तो कचरा समजून टाकला असता.

आता ट्यूलिप. या कंदाच्या आत फूल तयार असतं, पण दांडा लांब व्हायला त्याला 12 ते 16 आठवडे 4 ते 9 अंशांची थंडी लागते. श्रीनगरला ती जमिनीतच मिळते, म्हणून तिथली ट्यूलिप बाग मार्चअखेरीस फुलते. आपल्याकडे ती फ्रिजमध्ये द्यावी लागते. खोका ऑक्टोबरअखेर हातात आला, त्याच दिवशी फ्रिजमध्ये गेला, तरी 14 आठवडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतात. लावल्यावर फुलायला आणखी पाच-सहा आठवडे. म्हणजे मार्चचा मध्य. पुण्यात तोवर दुपारचा पारा चौतीस-पस्तिशीला टेकलेला. कळी पानांच्या बेचक्यातच बसून राहते, टोकाकडून कागदासारखी वाळते. खोक्यासोबतच्या माहितीपत्रकात हा हिशोब कुठेच नाही, नुसतं ‘शरदात लावा’ असं लिहिलंय.

ट्यूलिप हवेच असतील तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: कंद आधी थंड केलेले आहेत का, आणि किती आठवडे? बारा आठवडे झालेले कंद डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावले की संक्रांतीच्या सुमारास फूल दिसतं. फ्रिज घरचा असेल तर कंद भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत ठेवा, पण त्या कप्प्यात सफरचंद किंवा केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने आतली कळी मरते. कंद बाहेरून टणटणीत दिसतो, लावल्यावर नुसती पानं येतात. आणि दुसऱ्या वर्षासाठी ट्यूलिप जपण्याच्या फंदात पडू नका, आपल्या उन्हात कंद पुन्हा भरत नाही.

हायसिंथचं गणित तेच, थंडी थोडी कमी, 10 ते 12 आठवडे. ती अपुरी पडली तर फुलांचा तुरा मानेतच अडकतो, वर येत नाही. हाताळताना हातमोजे घाला. सुरण चिरताना हाताला जी खाज सुटते, तीच इथेही सुटते आणि कारणही तेच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक.

डॅफोडिलबद्दल तक्रार जास्त आहे, कारण इथे चूक निवडीची आहे. खोक्यात मोठ्या पिवळ्या कर्ण्याची जात होती, तिलाही तीनेक महिने थंडी लागते. त्याऐवजी पांढरी, झुपक्याने येणारी पेपरव्हाइट नर्गिस दिली असती तर? तिला थंडीची गरज नाही. पसरट भांड्यात गोटे आणि पाणी घेतलं, कंदाचं फक्त बूड पाण्याला टेकवलं, तरी पाच-सहा आठवड्यांत फुलते. वास उग्र, काहींना सोसत नाही, एवढंच.

आता ज्यासाठी खोका घ्यावासा वाटतो ते. फ्रीशिया मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातली. तिच्या कंदाला झोपेतून उठायला थंडी नाही, उलट अडीच-तीन महिने तिशीतली उष्णता लागते. विकत आलेल्या कंदाला ती आधीच मिळालेली असते. दिवाळीनंतर 8 इंची कुंडीत आठही कंद 5 सेंटीमीटर खोल, टोक वर करून लावा. दोन-तीन आठवड्यांत गवतासारखी पात पंख्यासारखी उघडते. पाच-सहा पानांवर आली की आत दांडा घडतो, आणि तेव्हा मुळांशी गारवा हवा. म्हणून कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत उभी करून मधल्या फटीत ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरा. ऊन पानांना मिळतं, माती तापत नाही. फेब्रुवारीत दांडा वर येतो आणि टोकाशी काटकोनात वाकतो. त्या आडव्या भागावर कळ्या फणीच्या दातांसारख्या ओळीने उभ्या राहतात आणि दांड्याकडून टोकाकडे एकेक उघडत जातात. दांडा लुसलुशीत असतो, चार काड्या रोवून सुतळीचा फेर दिला नाही तर पहिल्या वाऱ्यात लोळतो. मुंबईत आणि कोकणात मात्र पात भरपूर, फूल क्वचित. रात्री पुरेशा गार होत नाहीत.

रॅननक्युलस म्हणजे वाळक्या खेकड्याच्या नांग्यांचा जुडगा. तीन-चार तास पाण्यात ठेवला की दुपटीने फुगतो. पत्रकात ‘रात्रभर भिजवा’ असं छापलंय, तसं करू नका. बहुतेक कंद याच एका सूचनेने कुजतात. भिजल्यावर नांग्या खाली, केसाळ टोक वर अशा बेताने 5 सेंटीमीटर खोल लावा, 8 इंची कुंडीत तीन. एकदा पाणी द्या, मग पान दिसेपर्यंत माती नुसती दमट ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यात लावल्यापासून साधारण 90 दिवसांनी फूल, पातळ पाकळ्यांचे थरावर थर. सकाळचं ऊन अकरापर्यंत पुरे. ‘फुल सन’, म्हणजे दिवसभर ऊन, ही सूचना युरोपातल्या उन्हासाठी आहे, आपल्या पश्चिमेच्या बाल्कनीसाठी नाही. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की पानं पिवळी पडायला लागतात. तो रोग नाही, झाड झोपायला निघालंय. तेव्हा पाणी तोडा.

अमॅरिलिस एकच आणि तोही ‘फ्री’ म्हणून टाकलेला, पण खरा वसंतातला तोच. जानेवारीच्या मध्यात लावा, वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर, कुंडी कंदापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन सेंटीमीटरच मोठी. एकदा पाणी देऊन थांबा. वर येणारं टोक चपटं आणि रुंद असेल तर कळी, अरुंद निमुळतं असेल तर पान. मार्चमध्ये फूल. पुढे पानं जपली तर पुढच्या वर्षी पुन्हा, फक्त पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्यांवर लक्ष ठेवा, दोन रात्रींत झाड साफ करतात. हाताने वेचणं हाच उपाय. ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे पाणी बंद. घरात मांजर असेल तर कंद आणि पानं तिच्या तोंडी लागू देऊ नका, विषारी आहेत.

सोबत कोकोपीटच्या चकत्या आल्या होत्या, ‘याच माध्यमात लावा’ म्हणून. नुसत्या कोकोपीटमध्ये पाणी साचून राहतं. 2 भाग माती, 1 भाग कोकोपीट, 1 भाग जाड वाळू आणि कुंडीमागे मूठभर नीमपेंड एवढं पुरे; ताजं शेणखत अजिबात नको. फ्रीशियाची पात एप्रिलपर्यंत सुकली की कंद काढून कागदी पिशवीत कपाटावर ठेवा, त्यांना लागणारी उष्णता आपला उन्हाळाच देतो. कुंडीतच राहिले तर जूनच्या पावसात सडतात.

पाचपैकी अडीच. पुण्याकडे राहत असाल तर तेवढ्याच पैशात 20 फ्रीशिया, 10 रॅननक्युलस आणि मोठ्या घेराचे दोन अमॅरिलिस सुटे मागवा. मुंबई-कोकणात असाल तर नुसते अमॅरिलिस. सुटे देत नसतील, तर विक्रेता बदला.