जास्तीचे पैसे पाठवणारा क्लायंट

कमर्शियल फोटोग्राफी करणाऱ्यांना, विशेषतः ज्यांचं काम आता कुठे लोकांच्या नजरेत भरू लागलंय त्यांना, सध्या एक मेल येतोय. मला आला, ओळखीतल्या आणखी काही जणांना आला, आणि पैसे हातचे गेल्याशिवाय त्यातलं खोटं कुणालाही दिसलं नाही. म्हणून हा प्रकार कसा चालतो ते सविस्तर लिहितेय.

मेल एका नावाजलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडकडून आला होता. म्हणजे तसं भासवलं होतं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा यात काडीचाही संबंध नव्हता. नेहमीच्या फसव्या मेलसारखं मोघम कौतुक त्यात नव्हतं. माझ्या वेबसाइटवरच्या एकाच फोटोबद्दल लिहिलं होतं: काळ्या पार्श्वभूमीवरची काचेची बाटली, मागून दोन्ही बाजूंना स्ट्रिप बॉक्स (उजेडाचा अरुंद, उभा पट्टा देणारे लाइट), आणि काचेच्या कडांवर उजेडाच्या दोन रेघा. ‘डावीकडची रेघ उजवीपेक्षा बारीक ठेवलीत म्हणून बाटलीला वजन आलंय, नव्या सीरमसाठी आम्हाला हेच हवंय.’ ती रेघ बारीक यावी म्हणून डावा स्ट्रिप बॉक्स मी काळ्या कार्डाने अर्धा झाकला होता. आजवर एकाही खऱ्या क्लायंटच्या ते लक्षात आलेलं नव्हतं.

सोबत पीडीएफ होती. मूडबोर्ड (कसा लूक हवा ते दाखवणारे नमुन्याचे फोटो), शॉट लिस्ट, हिरो शॉट म्हणजे मुख्य फोटो कोणता, बॅनरसाठी कुठे जागा मोकळी सोडायची, मॉडेलचा फक्त हात दिसणार की चेहराही, सगळं नीट मांडलेलं. मग फोन झाला. आवाज शांत, बोलणं मुद्देसूद, कॅमेरा मात्र बंद. टेदर करून, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून, शूट करता का, रिटचिंग तुम्ही करता की बाहेर देता, असे प्रश्न. आमच्या कामाची भाषा या माणसाला येत होती. कोटेशन पाठवलं आणि ते घासाघीस न होता तासाभरात मंजूर झालं. करारही सही होऊन लगेच आला.

इथे जरा थांबते, कारण फसवणुकीची पहिली खूण इथे होती आणि ती संगणकात नाही, कामाच्या पद्धतीत होती. खरा आर्ट बायर, म्हणजे ब्रँड किंवा एजन्सीसाठी फोटोग्राफर ठरवणारा माणूस, एक वेळ फीवर गप्प बसेल, पण लायसन्सवर, म्हणजे फोटो वापरण्याच्या परवानगीवर, गप्प बसणार नाही. फोटो कोणत्या माध्यमात, किती काळ, कोणकोणत्या देशांत वापरणार यावर आमच्या कामाची बरीचशी रक्कम ठरते. सहा महिने वेबसाइटवर आणि दोन वर्षं होर्डिंगवर, यांचा दर एक असूच शकत नाही. त्यात मालकीचे नियम देशागणिक बदलतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात स्वतंत्र काम करणारा फोटोग्राफर स्वतः पहिला मालक असतो. अमेरिकेतही १९७६च्या कायद्यानुसार फ्रीलान्सरने काढलेल्या फोटोचे हक्क सहसा त्याच्याकडेच राहतात, लेखी सही करून दिल्याशिवाय जात नाहीत. म्हणून अनेक देशांत माल विकणाऱ्या ब्रँडचे वकील ते एक पान चार वेळा परत पाठवतात. माझ्या करारात वापराचा कालावधी मी रिकामा ठेवला होता, बोलून भरू म्हणून. सही होऊन आला तेव्हाही ती जागा रिकामीच होती.

मग पैशांचं बोलणं निघालं. अ‍ॅडव्हान्स कार्डाने भरू, पेमेंट लिंक पाठवा, असं सांगण्यात आलं. आणि एक छोटी विनंती: लोकेशन मॅनेजर आणि स्टायलिस्ट आम्ही आधीच ठरवलेत, पण ते कार्ड घेत नाहीत आणि आमच्या हिशेब विभागात नवीन व्हेंडर नोंदवायला फार वेळ लागतो. तुमची नोंद झालेलीच आहे. तेव्हा त्यांची रक्कम तुमच्याच इनव्हॉइसमध्ये धरा, आम्ही एकत्र भरतो, तुम्ही त्यांना पुढे पाठवा.

ज्यांनी कधी प्रॉडक्शनचा खर्च हाताळलेला नाही त्यांना हे वाचून हसू येईल. पण या धंद्यात क्लायंटचे पैसे फोटोग्राफरच्या खात्यातून पुढे जाणं ही रोजची गोष्ट आहे. स्टुडिओचं भाडं, लाइटचं भाडं, असिस्टंट, मेकअप आर्टिस्ट, मॉडेल, प्रॉप, जेवण, गाड्या हे सगळं बहुतेक वेळा आम्हीच उभं करतो आणि त्यासाठीच खर्चाची रक्कम शूटच्या आधी मागून घेतो. फसवणाऱ्याने आमच्या या सवयीचं कुलूप नीट पाहून किल्ली घडवली होती. फरक एकच होता. एरवी ज्याला पैसे द्यायचे तो माणूस मी निवडते. मला त्याचं काम माहीत असतं, फोन नंबर माहीत असतो. इथे घेणारा माणूसही देणाऱ्यानेच आणलेला होता.

रक्कम आली. माझ्या फीपेक्षा खर्चाचा आकडा कितीतरी मोठा होता. खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, शिल्लक वाढलेली दिसली. तेवढ्यात लोकेशन मॅनेजरचा निरोप: संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर तारीख दुसऱ्या शूटला जाईल. पाठवले. दुसऱ्या दिवशी स्टायलिस्टचे. मग शूट पुढे ढकललं गेलं, मग कॅम्पेनच रद्द झालं. त्यांनी खेद व्यक्त केला, अ‍ॅडव्हान्स तुमच्याकडेच ठेवा म्हणाले, उरलेला खर्च मात्र ‘या खात्यात’ परत करा. ते खातं ब्रँडच्या नावावर नव्हतं, आणि ज्या कार्डाने पैसे भरले होते त्याच्याशीही त्याचा काही संबंध नव्हता. तिथे मी थांबले आणि पेमेंट कंपनीला फोन केला.

आता यामागचं यंत्र समजून घ्या. कार्डाने आलेले पैसे आणि बँकेतून थेट पाठवलेले पैसे दिसायला सारखे असले तरी त्यांची जात वेगळी. कार्डाचा व्यवहार कार्डधारक नाकारू शकतो. त्याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी त्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते. म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कम काही महिने पूर्णपणे तुमची नसते. उलट तुम्ही खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे समोरच्याने काढून घेतले की जवळजवळ गेलेच. कार्ड चोरीचं होतं. त्याचा खरा मालक कुठेतरी स्टेटमेंट बघून हादरला असणार आणि त्याने तक्रार केली. पूर्ण रक्कम माझ्याकडून वळती झाली, वर चार्जबॅकचं शुल्क. म्हणजे चोराने माझ्या हाताने चोरीचे पैसे धुऊन घेतले आणि धुलाईचा खर्चही माझ्याच माथी मारला.

काही देशांत हाच डाव चेकने खेळतात. चेक जमा केल्यावर बँक रक्कम आधी दाखवते, चेक खोटा निघाल्याचं मागाहून कळतं, आणि मधल्या दिवसांत तुम्ही पैसे पुढे पाठवलेले असतात.

पुढच्या चौकशीत जे निघालं ते असं. मेलवर ज्या बाईंचं नाव होतं त्या त्या ब्रँडमध्ये खरोखर काम करतात, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मेलचा पत्ता ब्रँडचाच वाटत होता, पण त्यात ‘एम’ या इंग्रजी अक्षराच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसले होते. मोबाइलच्या बारीक टायपात हा फरक दिसत नाही, डोळे कितीही चांगले असोत. ते डोमेन, म्हणजे पत्त्यातला ‘@’ नंतरचा भाग, नुकतंच नोंदवलेलं होतं; कोणत्याही डोमेनच्या नोंदणीची तारीख सहसा फुकट तपासता येते. मूडबोर्डवरचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकले तर ते दुसऱ्याच एका फोटोग्राफरच्या पोर्टफोलिओतून उचललेले निघाले, म्हणजे त्यातही एक जण लुटला गेलाच होता. आणि माझ्या बाटलीबद्दलचं ते वाक्य? स्टिल लाइफ, म्हणजे वस्तूंची फोटोग्राफी, करणाऱ्या एका मित्राला त्याच्या चष्म्याच्या फोटोबद्दल जवळपास त्याच शब्दांत कौतुक आलं होतं. कडेच्या उजेडाची एक बाजू बारीक ठेवणारे आम्ही पुष्कळ आहोत.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते इतरांचं नुकसान. असिस्टंटने माझ्या तारखांसाठी दुसरं काम सोडलं होतं, मेकअप आर्टिस्टनेही. त्यांची कॅन्सलेशन फी मी दिली, कारण तारीख अडवली ती मी, क्लायंट खोटा निघाला हा त्यांचा दोष नाही. हे आकडे कुठल्याच तक्रार अर्जात बसत नाहीत.

पैशांची दिशा उलटी करूनही हाच खेळ होतो. २०१८मध्ये ‘हॉलिवूड रिपोर्टर’ने उघड केलेलं प्रकरण आठवत असेल. हॉलिवूडमधल्या नामवंत निर्मात्या स्त्रियांच्या आवाजात फोन करून कुणीतरी फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट, स्टंट करणारे अशा लोकांना इंडोनेशियात कामासाठी बोलावत होतं. तिकीट स्वतः काढा, ड्रायव्हर आणि परवान्यांचे पैसे तिथे द्या, नंतर भरून देऊ. काम कधी नव्हतंच. या प्रकरणातल्या संशयिताला २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मँचेस्टरला अटक झाली. तिथे पैसे आधी तुमचे जायचे, इथे आधी त्यांचे आल्यासारखे दिसतात. शेवटी दोन्हीकडे तुमच्या खात्यातून अशा माणसाला जातात, ज्याला तुम्ही निवडलेलं नाही.

त्यामुळे माझ्या कोटेशनमध्ये आता एक ओळ कायमची आहे: क्लायंटने ठरवलेल्या व्हेंडरचे पैसे क्लायंटने थेट द्यायचे. एका एजन्सीच्या प्रॉडक्शन बघणाऱ्या बाईंना ती खटकली, त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांच्या हिशेबनिसांनी लोकेशनचे पैसे परस्पर भरले. एवढंच झालं. मोठी रक्कम मी कार्डाने घेत नाही, आणि नव्या क्लायंटच्या बाबतीत मेलमधला नंबर सोडून कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून नावानिशी विचारते. काही जणांना राग येतो. येऊ दे. परतावा मागितलाच तर तो ज्या कार्डाने पैसे आले त्याच कार्डावर, पेमेंट कंपनीमार्फत. दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही.

ज्यांचे पैसे आत्ताच गेलेत त्यांनी लाजेने गप्प बसू नये, पहिले काही तास फार मोलाचे असतात. आपल्या बँकेला लगेच कळवा, म्हणजे पलीकडचं खातं गोठवण्याची विनंती जाऊ शकते. माझ्या दुसऱ्या हप्त्यातला थोडा भाग असाच अडकला आणि परत मिळाला, पहिला पूर्ण गेला. मेलचे नुसते स्क्रीनशॉट काढू नका, मूळ मेल पूर्ण हेडरसकट, म्हणजे त्याच्या प्रवासाच्या छुप्या तांत्रिक नोंदींसकट, जपून ठेवा. तो कुठून निघाला ते हेडरमध्ये असतं, स्क्रीनशॉटमध्ये नसतं. पोलिसांत लेखी तक्रार द्या, नाहीतर ज्या कार्डाचे पैसे तुमच्या खात्यात आले त्याच्या चोरीत तुम्हीही सामील होता, असा संशय तुमच्यावर येऊ शकतो.

ती पीडीएफ अजून फिरते आहे. सीरमच्या जागी घड्याळ किंवा परफ्यूम असेल, ब्रँडही दुसरा असेल. मी पाहिलेल्या प्रतींमध्ये तिसऱ्या पानावर ओल्या काळ्या दगडावर ठेवलेली वस्तू आहे, आणि शॉट लिस्टमध्ये ७ नंतर थेट ९ नंबर येतो. आठवा शॉट कुणीतरी कधीतरी काढून टाकला आणि नंबर बदलायचे राहून गेले. अशी प्रत आली तर उत्तर देऊ नका; मेल जसाच्या तसा त्या ब्रँडच्या अधिकृत पत्त्यावर पाठवा.