जैसलमेर की भुज? रंगपेटी घेऊन निवृत्तीचं गाव शोधताना

मे महिन्यात जळगावात दुपारी एक ते चार कुणी कुणाच्या दारात जात नाही. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतायचं, पडदे ओढायचे आणि गुपचूप पडून राहायचं. त्या तीन तासांत मी जेवणाच्या टेबलावर वाळवंट रंगवते. "बाहेर ४५ अंश, आणि बाईला कागदावरही वाळूच पाहिजे," असं आमचे हे म्हणतात.

रंगांचं वेड जुनं. शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिल्या होत्या, मग तीस वर्षं फळ्यावर भूगोलाचे नकाशे काढण्यापलीकडे हात चालला नाही. पुढच्या मे-अखेरीला ५८ पूर्ण होतील आणि शाळा सुटेल, माझी. हे भुसावळहून रेल्वेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मुलगी पुण्यात तिच्या संसारात. पायात काही अडकलेलं नाही, हातात रेल्वेचा पास आहे. त्यामुळे चित्र काढता काढता मी प्रत्येक वाळवंटात मनातल्या मनात एक घर बांधते. दोन खोल्या, उत्तरेला खिडकी, खिडकीखाली टेबल.

गेल्या चार हिवाळ्यांत त्यातली गावं प्रत्यक्ष पाहून आलो. स्टाफरूममधल्या दोघी-तिघी असाच विचार करताहेत, त्यांना तोंडी सांगून सांगून दमले, म्हणून एकदा लिहून काढते.

जैसलमेर: चित्र पटकन जमतं

वाळूची टेकडी अवघड वाटते, पण जलरंगात नवशिक्याला तिच्याइतकं सोपं काही नाही. आधी आकाशाचा ओला हात. क्षितिजाकडे येताना निळ्यात थोडा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, सोडायचा, कारण तिथलं आकाश खाली निळं नसतं, धुळीचं असतं. ते वाळलं की टेकडीला रॉ सिएनाचा एकच पातळ हात. तोही वाळला की सावलीची बाजू. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून जो करडा-जांभळा होतो तो भरल्या ब्रशने माथ्यापासून एका दमात खाली ओढायचा. माथ्याची कड सुरीसारखी राहायला हवी. मध्ये हात थबकला की ती गेलीच. मग वाऱ्याच्या लहरी, कोरड्या ब्रशने, कागदाच्या खरबरीतपणावर नुसत्या घासून. अर्ध्या तासात चौथाई तावावर बऱ्यापैकी वाळवंट उभं राहतं आणि बघणारा "वा!" म्हणतो.

गावही तसंच आहे, पहिल्या नजरेत "वा!" म्हणायला लावणारं. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेला किल्ला, सगळा पिवळ्या वालुकाश्माचा, आणि आत अजूनही माणसं राहतात, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. संध्याकाळी गडीसर तलावाकाठी बसलं तर यलो ऑकरची अख्खी ट्यूब संपेल. सम इथल्या टेकड्या गावाच्या पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर. तिथे मी पहिल्या दिवशी गेले आणि पस्तावले. जीपा, उंट, लाउडस्पीकर, आणि माझ्या सावलीच्या बरोबर मध्ये उभं राहून फोटो काढणारं एक कुटुंब. दुसऱ्या दिवसापासून खुरी गाव धरलं, तिथे त्या मानाने शांतता होती. वाऱ्याला मात्र गर्दी-शांतता कळत नाही. तिथल्या एका चित्रात ओल्या आकाशावर वाळूचे कण बसले ते कायमचे. ते चित्र हॉलमध्ये लावलंय. आकाशावरून बोट फिरवलं तर घासकागदासारखं लागतं.

तीन दिवसांत सहा चित्रं झाली. चौथ्या दिवशी सातवं काढायला बसले तर हात आपोआप चालू लागला. पाहते तो काय, तिसऱ्याच चित्राची नक्कल. तिथेच मनात पाल चुकचुकली.

राहायचं म्हणाल तर पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्याही आत, पण इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोचल्यापासून शहरात पाण्यावाचून तडफडायची वेळ नाही. खरी अडचण दवाखान्याची. साधं तापाचं औषध गावात मिळतं, पण हृदयाचं काही निघालं की जोधपूर, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. ह्यांची एक अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे आमच्यासाठी मुद्दा तिथेच संपला. किल्ल्याच्या आत खोली घ्यायचा मोह मलाही झाला होता. पण सांडपाणी मुरून किल्ल्याचा पाया खचतोय, त्यात आपली एक बादली कशाला घालायची.

कच्छ: इथे काहीच जमेना

भुजला गेलो ते खरं तर वाटेत थांबायचं म्हणून. आमच्याकडून सोयीचं आहे. जळगावहून अमळनेर, नंदुरबार करत सुरत, तिथून अहमदाबाद, आणि पुढे एक रात्र. सकाळी भुज.

धोरडोचं पांढरं रण भुजपासून साधारण ८० किलोमीटर. वाटेत भिरंडियाराला परवाना काढावा लागतो. तिथला मावा खाऊन घ्या, मग पुढे जा. पावसाळ्यात समुद्राचं आणि पावसाचं पाणी या सपाटीवर पसरतं, हिवाळ्यापर्यंत आटतं आणि मीठ उरतं. हे मी वर्गात पंचवीस वेळा शिकवलंय, "कच्छचे रण, क्षारयुक्त दलदल," दोन गुणांसाठी. प्रत्यक्ष उभी राहिले तर शिकवलेल्यातलं काही कामाला येईना.

जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. म्हणजे रण काढायचं तर ते काढायचंच नाही, भोवतालचं काढायचं. आणि भोवताली काहीच नाही! पहिल्या चित्रात मी घाबरून मिठाच्या भेगा काढत बसले, ते फुटलेल्या फरशीसारखं दिसलं. दुसऱ्यात आकाश गडद केलं, तर हिमालय झाला. तिसऱ्यात लक्षात आलं की दुपारी क्षितिजाची रेघच नसते, वर-खाली एकाच पांढऱ्यात विरतं. ती रेघ ओल्या ब्रशने पुसायला गेले आणि स्वस्तातला कागद सोलला, त्याचे लोळे निघाले. चौथ्या दिवशी पहाटे गेलो. सूर्य उगवायच्या आधी मीठ गुलाबीही नसतं, निळंही नसतं. कोबाल्टमध्ये कणभर बर्न्ट सिएना, इतकं पातळ की बशीत रंग आहे की नुसतं पाणी ते कळू नये. त्या दिवशी बोटाएवढ्या पट्टीत काहीतरी खरं उतरलं. बाकी चित्र फुकट.

चार दिवसांत एकही धड चित्र नाही, आणि परतताना गाडीत माझ्या मनात पुढचं चित्र सुरू. ह्यांनी दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही.

तेव्हापासून माझं मत असं झालंय: सहलीला जायचं तर जिथलं चित्र जमतं तिथे जावं, पण राहायला जायचं तर जिथलं जमत नाही तिथे. निवृत्तीनंतर पंधरा-वीस वर्षं काढायची असतात. सात चित्रांत संपणारं गाव त्याला पुरत नाही.

अर्थात नुसत्या चित्रावर घर चालत नाही. भुजला मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे. पाणी नळाने येतं, नर्मदेचं. गाव हमीरसर तलावाभोवती वसलेलं, संध्याकाळी फिरायला जागा आहे. रणाचा कंटाळा आला तर निरोणाला रोगन कला बघायला जावं. एरंडेल तेल उकळून घट्ट केलेला रंग सळीच्या टोकावर घेऊन, सूत ओढावं तसा कापडावर उतरवतात. अजरखपूरला ठशांचं काम चालतं. बन्नीत भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, आहेत, पण त्या गवताळ प्रदेशाला वेड्या बाभळीने वेढलंय; चित्रात ती बाभूळ मी काढत नाही, ही माझी लबाडी.

भाषेचं म्हणाल तर आपल्याला ओझं नाही. अहिराणीत "तुन्हं नाव काय शे?" म्हणणाऱ्याला गुजरातीत "छे" म्हणायला कितीसा वेळ लागतो? माझी सासू नंदुरबारकडची, तिला तर रिक्षावाल्याशी घासाघीस करायला आमची गरजच पडली नाही. कच्छी मात्र वेगळी, ती कानावरून जाते.

आता खटकणारी गोष्ट. हा भाग भूकंपाच्या सर्वांत धोकादायक पट्ट्यात येतो. २६ जानेवारी २००१ ची सकाळ आपल्यालाही आठवते. भुजमधल्या कुणाशी पाच मिनिटं बोलत बसा, ती तारीख येतेच. म्हणून आम्ही घर बघताना तीनच प्रश्न विचारले: बांधकाम २००१ नंतरचं आहे का, तळमजला मिळेल का, दारातून मोकळ्यावर किती पावलांत जाता येतं. एका दलालाने आम्हाला छान गॅलरीवालं जुनं घर "नवंच आहे" म्हणून दाखवलं. जिन्याखालच्या भेगेवर प्लास्टर केलेलं ह्यांच्या नजरेतून सुटलं नाही. रेल्वेत पुलांची तपासणी करण्यात जन्म गेला.

लडाख

हुंडर गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या, मागे बर्फ, फोटो सुंदर येतात. लेह साडेतीन हजार मीटरवर. हिवाळ्यात ब्रशवरचं पाणी गोठतं आणि साठीनंतर जिना चढतानाही धाप लागते. चित्र फोटोवरून काढा.

आणि इथेच राहिलं तर?

हा पर्याय लोक यादीत धरतच नाहीत. मीही धरला नव्हता. पण भुसावळच्या बाजूला तापी-पूर्णेच्या काठाला ज्या घळी पडल्यात, पावसाने कापलेल्या, पिवळट मातीच्या, झाडझुडूप तुरळक, त्या मे महिन्यात एकदा सकाळी सात वाजता बघा. वाळवंट नाहीत, पण रॉ सिएना तोच लागतो आणि सावलीही तीच जांभळी पडते. घरून डबा घेऊन निघालं की नऊपर्यंत परत.

शिवाय आपली काळी माती. अल्ट्रामरीनचा गुण असा की कागदावर त्याचे कण सुटे बसतात, रवाळ दिसतं. त्यात बर्न्ट अंबर मिसळून भरपूर पाणी दिलं की उन्हाळ्यातलं नांगरलेलं कपाशीचं रान आपोआप होतं, ढेकळांसकट. मागे सातपुड्याची निळी पट्टी. नवीन ठिकाणी जाण्याची हौस भागवायला तोरणमाळ आहे, हजार मीटरच्या वर, आठ दिवस राहायला उत्तम.

आणि चाळीसगावचे केकी मूस. इंग्लंडला जाऊन कला शिकून आलेला माणूस स्टेशनजवळच्या घरात राहिला तो १९८९ मध्ये जाईपर्यंत, घराबाहेर पाऊल क्वचितच टाकलं. टेबलावर छोटी छोटी दृश्यं मांडायची आणि त्यांचे फोटो काढायचे. जगभर नाव झालं. ते घर आता संग्रहालय आहे, गेला नसाल तर जा. मी ते पाहून आले त्या रात्री भुजचं खूळ डोक्यातून जवळजवळ गेलंच होतं. पण मी केकी मूस नाही. घरात बसले की मला भाजी चिरायला बोलावतात.

इथला तोटा माझ्या लेखी एकच. इथे मी अमक्याची वहिनी, तमक्याची बाई. घळीत स्टूल टाकून बसले तरी कुणीतरी माजी विद्यार्थी मोटारसायकल थांबवतो, "मॅडम, गाडी बंद पडली का?" त्याला वाईट तरी कसं म्हणायचं! पण ओला हात तेवढ्यात वाळून जातो.

सामानाचं थोडक्यात

तिन्हीकडे हवा कोरडी, त्यामुळे रंग पसरायच्या आतच वाळतो आणि नको तिथे कड धरतो. कागद मागूनही ओला करून घ्या, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका, फवाऱ्याची बाटली हाताशी ठेवा. प्रवासात ट्यूबपेक्षा वड्या बऱ्या, वाळू बसली तर वरून पुसून काढता येते. पैसे वाचवायचे तर ब्रशवर वाचवा, कागदावर नको: सुती आणि जाड, ३०० जीएसएमचा. रणातलं चिमूटभर मीठ मी डबीत आणलंय. ओल्या रंगावर टाकलं की फुलासारखे डाग पडतात, पण मेच्या दुपारी ते फुलायच्या आत कागद वाळतो. दिवाळीनंतर करून बघायचं.

मग ठरलं काय

तुम्हाला वर्षातून पंधरा दिवस भरपूर चित्रं काढून लोकांना दाखवायची असतील तर जैसलमेर, डिसेंबर-जानेवारी. रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, स्वेटर न्या. दोघांपैकी एकाला हृदयाचा किंवा शुगरचा त्रास असेल, किंवा गर्दीचा तिटकारा असेल, तर तिथे घराच्या भानगडीत पडू नका. हाताशी पेन्शन आहे, तब्येत बरी आहे आणि अजून काही शिकायची खाज आहे, त्यांनी भुजचा विचार करावा, पण घर विकत घेऊन नाही. इथलं घर विकून तर मुळीच नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने निवृत्तीच्या महिन्यातच इथलं घर विकून दुसऱ्या राज्यात फ्लॅट घेतला, दीड वर्षात परत आले आणि आता भाड्याने राहतात.

आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने, भुजला दोन खोल्या भाड्याने घ्यायचं ठरवतोय. तळमजला, २००८ चं बांधकाम, खिडकी उत्तरेला नाही, पूर्वेला आहे, चालवून घेईन. मार्चला परत, म्हणजे मे महिना जळगावातच, कूलरसमोर.

ह्यांची एकच हरकत होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे नेमका भरताचा हंगाम, आणि हा माणूस चार महिने भरीत-पुरीशिवाय कसा राहणार? परवा घरमालकीणबाईंना फोन केला तेव्हा मुद्दाम विचारलं, भरताची वांगी मिळतात का हो तिकडे. त्या हसल्या, म्हणाल्या ओळो तर आमच्याकडे थंडीत होतोच. फोन स्पीकरवर होता. हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "विचार, कपाशीच्या काड्यांवर भाजतात की गॅसवर?"

ते मी अजून विचारलेलं नाही.